सेन्सस टाउन झालं म्हणून ग्रामपंचायत जात नाही. प्रगणकाला खोटं सांगू नका

शहरांच्या कडेला असलेल्या गावांच्या ग्रुपवर 'सर्व ग्रामस्थांनी वाचावे' असा एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: जनगणनेत ज्या गावाची नोंद 'सेन्सस टाउन' म्हणून होईल तिथली ग्रामपंचायत आपोआप बरखास्त होणार, घरपट्टी तिप्पट होणार, सातबारा बंद होणार, रोजगार हमीची कामं थांबणार. शहरापासून दहा किलोमीटरच्या आतलं प्रत्येक गाव या यादीत आहे. आणि यावर उपाय: प्रगणक दारात आला की माणसं कमी सांगा, भाडेकरूंचं नाव काढू नका, धंदा विचारला तर 'शेती' सांगा.

परवा हाच मेसेज माझ्या आत्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मग आपल्या वरच्या खोल्यांतली मुलं सांगायची नाहीत का?" म्हणजे लोक हे नुसतं वाचून सोडून देत नाहीत, तसं वागायच्या तयारीत आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, ग्रामपंचायत आपोआप बरखास्त होण्याचा. सेन्सस टाउन हा जनगणना खात्याने आकडेवारीच्या सोयीसाठी केलेला वर्ग आहे. अटी तीन: लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या (वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात. तिन्ही बसल्या की जनगणनेच्या तक्त्यात ते गाव शहरी बाजूला जातं. तक्त्याबाहेर काहीही हलत नाही. सरपंच तोच, ग्रामसेवक तोच, ग्रामसभा तीच.

नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका होते ती राज्याच्या अधिसूचनेने. राज्यघटनेचं कलम २४३-क्यू त्यासाठी आहे: लोकसंख्या, घनता, स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचं प्रमाण, आर्थिक महत्त्व असे घटक पाहून राज्यपाल जाहीर अधिसूचनेद्वारे ते क्षेत्र ठरवतात. यातले तीन घटक जनगणनेच्या अटींसारखेच दिसतात आणि घोटाळा तिथेच होतो. घटक सारखे असले तरी निर्णय घेणारे वेगळे आहेत. एक दिल्लीत तक्ता भरतो, दुसरा मुंबईत राजपत्र काढतो.

हे नुसतं कलमावर सोडत नाही, आकडे पाहा. २००१ मध्ये देशात सेन्सस टाउन होते १,३६२. २०११ मध्ये ते झाले ३,८९२, म्हणजे अडीच हजारांहून जास्त वाढ. त्याच दहा वर्षांत कायद्याने शहर असलेली ठिकाणं ३,७९९ वरून ४,०४१ वर गेली, वाढ २४२. शिक्का बसला की ग्रामपंचायत जाते हे खरं असतं, तर हे दोन आकडे बरोबरीने वाढायला हवे होते. हजारो गावं जनगणनेत शहरी आहेत आणि आजही ग्रामपंचायतच चालवत आहेत.

यात अर्धं खरं एवढंच की हे आकडे पुढे शहर करण्याच्या मागणीसाठी वापरले जातात. २०१६ मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने सेन्सस टाउनना नागरी स्थानिक संस्थेचा दर्जा द्यावा असं राज्यांना कळवलं होतं. पण ती सूचना होती. तिच्याने कुठलीही ग्रामपंचायत विसर्जित झाली नाही.

पुण्याचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. वाघोली, म्हाळुंगे, सूस यांसह २३ गावं ३० जून २०२१ रोजी महानगरपालिकेत आली. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये प्रारूप अधिसूचना निघाली, हरकती मागवल्या, मग अंतिम अधिसूचना आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पालिकेत गेली आणि २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. दोन्ही वेळा निर्णय राज्याचा होता. मधल्या काळात देशात एकही जनगणना झालेली नाही, हे तरी मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

दहा किलोमीटरचा नियम कुठून आला कळत नाही. सेन्सस टाउनच्या तीन अटींमध्ये अंतर नाही. शहराला चिकटलेलं गाव वगळलं जातं आणि दूरचं बसतं, असं सर्रास होतं. कारण घनता मोजताना भागाकार महसुली गावाच्या पूर्ण क्षेत्राने होतो, फक्त गावठाणाने आणि नव्या सोसायट्यांनी नाही. शिवेपासून शिवेपर्यंत जे काही येतं ते सगळं धरतात: डोंगर, वनखात्याची जमीन, गायरान, पाझर तलाव. समजा गावात ६,००० माणसं आणि क्षेत्र १,२५० हेक्टर. शंभराने भागलं की १२.५ चौरस किलोमीटर, घनता ४८०. बसलं. शेजारच्या गावातही ६,००० माणसं, तशाच इमारती, पण शिवारात आणखी ८०० हेक्टर वन. क्षेत्र २०.५ चौरस किलोमीटर, घनता २९३. नाही बसलं. रस्त्याच्या या बाजूचा माणूस जनगणनेत शहरी, त्या बाजूचा ग्रामीण, आणि दोघेही एकाच स्टेशनवरून लोकल पकडतात.

एकाच गावाच्या लोकसंख्येचे वेगवेगळे आकडे दिसतात, त्याचं कारणही हद्दीतच आहे. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात, जनगणना प्रत्येक गाव वेगळं मोजते. पिनकोडचा भाग आणखी वेगळा. स्टेशनच्या नावाने लोक जो परिसर ओळखतात तो कुठल्याच नकाशात तसा नसतो. मेसेजमध्ये 'ताज्या जनगणनेनुसार' म्हणून दिलेले गावांचे आकडे तर सोडूनच द्या. गावनिहाय शेवटची मोजणी २०११ ची आहे. २०२१ ची झाली नाही, आणि पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून आहे. मधल्या वर्षांचा जो आकडा दिसतो तो कुणीतरी वाढीचा दर लावून काढलेला अंदाज असतो.

घरपट्टी. ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते: इमारतीचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, आणि या बेरजेला वापरानुसार भारांक. त्यावर ग्रामपंचायतीने ठरवलेला कराचा दर. या सूत्रात जनगणनेचा शिक्का कुठेच बसत नाही. नमुना ८ चा (घरपट्टीच्या आकारणीचा) उतारा काढा आणि स्वतः पाहा. शहराजवळच्या गावात जमिनीचे मूल्यदर चढे असतात आणि त्यामुळे आकारणी जास्त येते, हे मान्य. गाव खरोखर महानगरपालिकेत गेलं तर कर वाढतो, हेही मान्य; फुरसुंगीसारख्या गावांची तक्रार त्यावरूनच होती. पण ती वाढ हद्दवाढीची. जनगणनेवर तिचं खापर फोडून उपयोग नाही.

सातबाऱ्याचं एका ओळीत: तो जनगणनेने बंद होत नाही. त्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड येतं ते भूमी अभिलेख विभागाने मोजणी केल्यावर, आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजून ती कार्डं साध्या गावठाणांतही दिली गेली आहेत.

रोजगार हमीचं उत्तर २००५ च्या केंद्रीय कायद्यातल्या व्याख्येतच होतं. नागरी स्थानिक संस्थेच्या किंवा कटक मंडळाच्या (कॅन्टोन्मेंटच्या) हद्दीत नसलेलं कुठलंही क्षेत्र त्यात ग्रामीण धरलं होतं. ग्रामपंचायत असलेलं सेन्सस टाउन त्या व्याख्येत ग्रामीणच ठरत होतं.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो तो मुद्दा: प्रगणकाला खोटं सांगा.

एक तर हा उपाय ज्यासाठी सांगितला आहे त्यासाठीसुद्धा चालत नाही. सेन्सस टाउनची यादी प्रगणक दारात येण्याआधी, मागच्या जनगणनेच्या आकड्यांवरून तयार करायची पद्धत आहे. २०११ साठी ती २००१ च्या आकड्यांवरून केली होती, आणि पुढची वाढ गृहीत धरून लोकसंख्येची अट ५,००० ऐवजी ४,००० लावली होती. आज तुम्ही काय सांगता त्याने आजचा शिक्का ठरत नाही. धंद्याचा प्रश्न तर घरयादीच्या पहिल्या फेरीत येतच नाही, तो दुसऱ्या टप्प्यात, माणसं मोजताना येतो. आणि गणित करून पाहा: गावात मुख्य काम करणारे २,००० पुरुष, त्यातले १,६४० बिगरशेती कामात, म्हणजे ८२ टक्के. हे प्रमाण ७५ च्या खाली आणायला १४१ पुरुषांनी खोटं 'शेती' लिहून घ्यायला हवं. एमआयडीसीत पाळी करणारे, रिक्षा चालवणारे, दुकान टाकलेले १४१ जण.

माणसं कमी सांगण्याचं नुकसान मात्र लगेच आणि आपल्यालाच. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांचं अनुदान राज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला होता. ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात: १,५०० पर्यंत ७, ४,५०१ ते ६,००० असेल तर १३, ७,५०० च्या वर १७. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येतल्या प्रमाणावर. सपाट प्रदेशात ५,००० माणसांमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकषही लोकसंख्येचाच.

पाण्याचं बघा, कारण शहराकडेच्या गावात भांडण तिथेच होतं. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. गावात खरी माणसं ८,०००, पण अडीच हजार भाडेकरू लपवले म्हणून नोंद ५,५००. योजनेचा आराखडा पुढची वाढ धरून करतात, पण ती वाढ या नोंदलेल्या आकड्यावर चढवतात. आजच्या हिशेबाने लागतं ४,४०,००० लिटर, धरलं जातं ३,०२,५००. तेच पाणी ८,००० जणांत वाटलं की माणशी ३८ लिटरही येत नाही. टाकीची क्षमता, पंपाची ताकद, मुख्य वाहिनीचा व्यास सगळं त्या छोट्या आकड्यावर बसवलेलं. मग उन्हाळ्यात टँकर, आणि शेवटच्या गल्लीत नळाला नुसती हवा. ती टाकी पुढची अनेक वर्षं बदलत नाही.

भाडेकरू लपवण्यामागची भीती समजते. घरमालकाला वाटतं, खोल्या भाड्याने दिल्याचं कागदावर आलं की आकारणी वाढेल, कुणीतरी चौकशीला येईल. जनगणना कायदा, १९४८ चं कलम १५ याचसाठी आहे. प्रगणकाने भरलेली नोंद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर ती कुठल्याही दिवाणी किंवा फौजदारी कामात पुरावा म्हणून चालत नाही. ग्रामपंचायतीला तुमच्या घराचं पान मागता येत नाही. उलट जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे, १,००० रुपयांपर्यंत दंडाचा.

म्हणून प्रगणकाला सांगायचं ते एवढंच. घरात नेहमी राहणारी सगळी माणसं, तान्ह्या बाळासकट. वरच्या खोल्यांतली मुलं तिथेच राहत आणि जेवत असतील तर त्यांचं वेगळं कुटुंब म्हणून नोंद. प्रगणकाला जिना दाखवा, नाहीतर खोली 'बंद घर' म्हणून जाते. मुलगा शिकायला दुसऱ्या गावी वसतिगृहात असेल तर तो तिथे मोजला जाईल, इथे धरू नका. धंदा विचारला तर वर्षात सहा महिने किंवा जास्त जे काम केलं ते. दहा गुंठे जमीन नावावर आहे, पण पगार कारखान्याचा आहे, तर कारखानाच सांगायचा.

आणि ग्रामपंचायत राहावी असं खरंच वाटत असेल, तर लक्ष राजपत्रावर ठेवा. गावाचा समावेश करायचा झाला तर आधी प्रारूप अधिसूचना निघते आणि तिच्यातच हरकतींची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत ग्रामसभेचा ठराव आणि प्रत्येकाची लेखी हरकत, सर्व्हे नंबर किंवा घर क्रमांक लिहून, अधिसूचनेत सांगितलेल्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. ग्रुपवर टाकलेली हरकत तिथे मोजली जात नाही.