स्वतःच्याच गाडीत गेस्ट

आली एकदाची. दोन वर्षं व्हिडिओ बघून बघून जिचं ब्रोशर मला तोंडपाठ झालं होतं ती आलिशान एसयूव्ही मागच्या शनिवारी ताब्यात मिळाली, आणि आठ दिवसांनी परिस्थिती अशी आहे की त्या गाडीत माझी अधिकृत नोंद 'गेस्ट' अशी आहे.

चूक माझीच. डिलिव्हरी देणाऱ्या पोराने तब्बल दीड तास गाडी समजावून सांगितली. मी प्रत्येक गोष्टीला "हो हो, माहितीये" म्हणत होतो आणि बायको गपचूप ऐकत होती. मेन ड्रायव्हर म्हणून कोणाचं नाव टाकू असं त्याने विचारलं तेव्हा मी बाहेर टायरला टेकून सेल्फी काढत होतो. झालं, तिचं नाव पडलं, तिची सीट, तिचे आरसे, तिची गाणी सगळं सेव्ह झालं आणि एक नंबरची चावीही तिची ठरली.

आता तिची उंची पाच फूट एक इंच आणि माझी सहा फूट. दोन्ही चाव्या दिसायला अगदी सारख्या, आणि ड्रॉवरमधून मी उचलतो ती नेमकी तिचीच निघते. मी ऐटीत बसतो, दार लावतो, आणि मग खालून घूंऽऽ असा आवाज येतो. सीट पुढे सरकायला लागते. घाई नाही, धक्का नाही, अगदी खानदानी संथपणे. आधी गुडघे टेकतात, मग पोट स्टिअरिंगला लागतं, सीटची बटणं दारावर आहेत पण हात पोट आणि स्टिअरिंगच्या मधे अडकलेला, त्यामुळे मी नुसता "अगं थांब, थांब" ओरडतो. सीटचं कुठलंही बटण दाबलं की ती जागच्या जागी थांबते हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही बायकोने सांगितलं.

बरं, एवढं करून गाडी निघते तरी कुठे जोरात. पुस्तकात लिहिलंय की पहिले १५०० किलोमीटर इंजिनला ताण द्यायचा नाही, एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही. म्हणजे ज्या ताकदीसाठी एवढे हप्ते डोक्यावर घेतले ती ताकद बॉनेटखाली झोपवून ठेवायची आणि आपण अंगाई गात चालवायची. परवा एका स्कूटरने मला ओव्हरटेक केलं, मागे बसलेल्या आजी वळून बघत होत्या.

सिग्नलला तर अब्रूच गेली. गाडी थांबवली आणि इंजिन बंद. मला घाम फुटला, नवीकोरी गाडी आणि भर चौकात मान टाकली! म्हणून मी घाईघाईने स्टार्टचं बटण दाबलं. ते इंजिन इंधन वाचवायला गाडीने स्वतःहून थांबवलं होतं, ब्रेकवरचा पाय उचलला असता की आपोआप चालू झालं असतं. मी बटण दाबून ती खरोखरची बंद केली. सिग्नल हिरवा, मागे हॉर्न, आणि मी पुन्हा बटण दाबतोय तर स्क्रीन म्हणते आधी ब्रेक दाबा. शेजारून मुलगा म्हणाला, "बाबा, मी उतरून चालत जाऊ का?"

आणि या गाडीचे सल्ले! पट्टा लावा, दार नीट लागलं नाही, पुढची गाडी जवळ आलीये, तुम्ही दमलेले दिसता, ब्रेक घ्या. अहो, घरातून निघून दहा मिनिटं झालीयेत फक्त. लेनचं तर विचारूच नका. एका सायकलवाल्याला जागा द्यायला मी जरा उजवीकडे घेतली, इंडिकेटर दिला नाही, तर स्टिअरिंगने हातातल्या हातात मला मागे ढकललं. इंडिकेटर दिला की ती काही बोलत नाही, म्हणजे हरकत वळण्याला नाहीये, न विचारता वळण्याला आहे. एवढी शिस्त मला शाळेतही कोणी लावली नव्हती.

एसीचं बटण शोधता शोधता सीटचा पंखा चालू झाला. एवढंच सांगतो की खालून अचानक गार वारा आला की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो.

तो नव्या गाडीचा वास मात्र मी छाती भरून घेत होतो, लेदर म्हणजे लेदर असं सगळ्यांना सांगत होतो. मुलाने सांगितलं की त्यातला बराचसा वास प्लॅस्टिकचा आणि गोंदाच्या वाफांचा असतो, काचा उघडा. आजकालच्या मुलांना काही सांगायची सोय नाही.

पार्किंग हे वेगळंच प्रकरण. गाडी पाच मीटर लांब, आरसे मिटून दोन मीटर रुंद, आणि माझी पार्किंगची जागा अडीच मीटर. दोन्ही बाजूला पाव पाव मीटर उरतो आणि माझं पोट त्याहून जास्त आहे. पहिल्या दिवशी मी गाडी अगदी मधोमध लावली, खूष झालो आणि मग आत बसून राहिलो. पण तो वरून दिसणारा कॅमेरा काय भारी आहे हो! जणू डोक्यावर ड्रोन फिरतोय. खरं तर वर काहीच नसतं, पुढे, मागे आणि दोन्ही आरशांखाली असे चार कॅमेरे असतात आणि त्यांची चित्रं जोडून तो देखावा तयार होतो. मधली गाडी तर फोटोही नाही, नुसतं काढलेलं चित्र, कारण कुठल्याच कॅमेऱ्याला आपलं छप्पर दिसत नाही. ही माहिती लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

काल दोन्ही हातात सामान घेऊन मी गाडीच्या मागे उभा होतो. बंपरखाली पाय फिरवला की डिकी आपोआप उघडते, ब्रोशरमधला बाई हसत हसत डिकी उघडतानाचा तो फोटो माझा खास आवडता. फिरवला. नाही उघडली. जरा डावीकडे फिरवला. नाही. मग मागे सरकून, पुढे येऊन, पाय बदलून. शेजारचे काका बाल्कनीत येऊन उभे राहिले, त्यांना वाटलं मला मुंग्या चावतायत. शेवटी जीव खाऊन एक लाथ घातली ती बंपरलाच बसली, कर्रकन आवाज आला. मग आठवलं की चावी जवळ असल्याशिवाय डिकी उघडत नाही, आणि चाव्या दोन्ही वर, ड्रॉवरमध्ये.

चरा बोटभर लांब आहे. मी थुंकी लावून पाहिली, रुमालाने घासून पाहिला, जरा मोठाच झाला. मग वर जाऊन चावी आणली, आत बसलो, गुडघे चेपून घेतले आणि कॅमेरा लावला. स्क्रीनवरची गाडी झळझळीत, नवीकोरी, चरा नाही की काही नाही. पाच मिनिटं तिच्याकडेच बघत बसलो.

संध्याकाळी बायको खाली गेली आणि लगेच वर आली. "अहो, मागे बंपरला चरा कोणी पाडला?"

मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हटलं, "गेस्टने."