अर्धं भिंग झाकल्यावर अक्षर अर्धं का गेलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नुसती शंका न काढता प्रयोग करून, मापं देऊन आक्षेप घेतलात, म्हणून उत्तरही मापांसकट देतो.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात. लेखात मी लिहिलं होतं की बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग झाकला तरी प्रतिमा पूर्णच मिळते, फक्त उजेड कमी होतो. तुम्ही पुठ्ठ्यात 3 सेंमी उंचीचं अक्षर कापलंत, त्याच्या मागे 20 सेंमीवर मोबाइलचा टॉर्च आणि पुढे 30 सेंमीवर 75 मिमी व्यासाचं भिंग ठेवलंत. भिंगाच्या वरच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवल्यावर भिंतीवरचं अक्षर खरोखरच अर्धं नाहीसं झालं. मुलीच्या दहावीच्या पुस्तकातली किरणाकृतीही तेच सांगते, असं तुम्ही म्हणता: वरचा समांतर किरणच अडवला तर टोकाची प्रतिमा कुठून येणार? दुसरं, अक्षर आणि पडदा 70 सेंमी अंतरावर ठेवून भिंग कुठेही सरकवलं तरी स्पष्ट प्रतिमा आली नाही, म्हणजे भिंगाच्या सूत्रातच गडबड आहे. तिसरं, दुकानदाराने 20 सेंमी सांगितलेलं नाभीय अंतर (खूप लांबच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्यावर पडते ते) खिडकीच्या गजांवरून मोजलं तर 22 भरलं.

पहिल्या आक्षेपातलं निरीक्षण अगदी बरोबर आहे. निष्कर्ष मात्र बरोबर नाही, आणि दोष टॉर्चच्या जागेत आहे. मोबाइलचा एलईडी इतका लहान असतो की 20 सेंमीवरून तो जवळजवळ एक बिंदूच. पुठ्ठ्यातल्या मोकळ्या छिद्राच्या प्रत्येक भागातून त्या बिंदूकडून येणारा एकच बारीक किरण पुढे जातो. अक्षराचं वरचं टोक अक्षापासून, म्हणजे भिंगाच्या मध्यातून आरपार जाणाऱ्या सरळ रेषेपासून, 1.5 सेंमीवर आहे. टॉर्चपासून भिंग 50 सेंमी लांब, म्हणजे टोकातून गेलेला किरण भिंगापाशी 1.5 × 50 ÷ 20 = 3.75 सेंमी उंचीवर पोहोचतो. तुमच्या भिंगाची त्रिज्याही नेमकी तेवढीच. म्हणजे अक्षराच्या वरच्या अर्ध्या भागाचा सगळा प्रकाश भिंगाच्या वरच्या अर्ध्या भागातूनच जात होता. तो भाग झाकलात, अक्षराचा वरचा भाग गेला, आणि प्रतिमा उलटी असल्यामुळे भिंतीवर खालचा भाग गेला. तुम्ही लिहिलंय तसंच.

आता त्या कापलेल्या अक्षरावर मागून बटर पेपर चिकटवा, बाकी काहीही हलवू नका. बटर पेपर प्रकाश विखुरतो, त्यामुळे अक्षराचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे सगळ्या दिशांना प्रकाश पाठवतो आणि त्यातला एक शंकू भिंगाचा पूर्ण व्यास व्यापतो. भिंग तो अख्खा शंकू पलीकडे एका बिंदूत गोळा करतं. अर्धं भिंग झाकलं की प्रत्येक शंकू अर्धा होतो, पण एकही बिंदू गळत नाही. उजेड निम्मा होतो, तोही डोळ्याला फारसा जाणवत नाही. फोटो काढून तुलना करायची असेल तर एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड भरून काढेल आणि तुम्ही पुन्हा मला प्रतिक्रिया लिहाल.

कागद भिंगाला चिकटलेलाच हवा. तोच काळा कागद पडद्याच्या अलीकडे 10 सेंमीवर धरला तर बटर पेपर असूनही प्रतिमा कापली जाते, कारण तिथे एकेका बिंदूचा शंकू 75 × 10 ÷ 60, म्हणजे 12.5 मिमी इतका निमुळता झालेला असतो आणि अक्षराच्या दोन टोकांचे शंकू 50 मिमी अंतरावर वेगळे पडलेले असतात.

किरणाकृतीबद्दल. पुस्तकातले दोन-तीन किरण प्रतिमेची जागा शोधण्यासाठी निवडलेले असतात, कारण त्यांचा मार्ग मोजमाप न करता काढता येतो. प्रतिमा त्यांच्यामुळे तयार होत नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा मोबाइलवर फोटो काढा. दरवाजाच्या माथ्यावरून अक्षाला समांतर निघालेला किरण तुमच्या डोक्यावरून निघून जातो, काही मिलिमीटरच्या भिंगात तो शिरणं शक्यच नाही. तरी माथा फोटोत येतो. आकृतीत तो किरण काढला तरी चालतं, कारण भिंग कल्पनेने मोठं केलं तरी प्रतिमेची जागा बदलत नाही.

अर्धं झाकण्याचा एक उपयोगही आहे. पडदा नेमक्या जागी आहे की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवताना सहज सेंमी-दीड सेंमीची चूक होते. त्याऐवजी भिंगाचा वरचा आणि खालचा भाग आळीपाळीने झाका. पडदा बरोबर असेल तर प्रतिमा जागची हलत नाही. वरचा भाग झाकल्यावर ती खाली सरकली तर पडदा भिंगाच्या फार जवळ आहे, वर सरकली तर फार लांब. जर्मन खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टोफ शाइनरने 1619 मध्ये डोळ्याबद्दल लिहिताना दोन छिद्रांचा असाच प्रयोग मांडला होता, आणि आजच्या अनेक कॅमेऱ्यांचा फेज डिटेक्शन ऑटोफोकस (आपोआप फोकस जुळवण्याची एक पद्धत) याच तत्त्वावर चालतो.

70 सेंमीचा प्रश्न लवकर मिटतो. वास्तव, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या, प्रतिमेसाठी वस्तू आणि पडदा यांच्यातलं अंतर नाभीय अंतराच्या चौपटीहून कमी चालत नाही. 20 सेंमीच्या भिंगाला किमान 80 हवेत. 70 वर प्रतिमा न येणं हेच सूत्राचं भाकीत आहे. जाता जाता: 30 सेंमीवरच्या अक्षराची प्रतिमा तुम्ही सूत्राने (1/v − 1/u = 1/f; u वस्तूचं, v प्रतिमेचं आणि f नाभीय अंतर) 12 सेंमीवर काढलीत, ती u ला ऋण चिन्ह न दिल्यामुळे. u = −30 घाला, v = 60 येईल, आणि तुमची भिंतही तिथेच होती.

दुकानदारही खोटं बोललेला नाही. तुमचे गज 2 मीटरवर होते. त्या अंतरावरच्या वस्तूची प्रतिमा 20 सेंमीच्या भिंगाने 22.2 सेंमीवर पडायला हवी, आणि तुम्ही मोजलीत 22. गजांऐवजी 30 मीटरवरची समोरची इमारत घेतलीत तर फरक दीड मिलिमीटरहूनही कमी उरतो. गच्चीवरून पर्वती दिसत असेल तर उत्तमच. सूर्य मात्र घेऊ नका, कागद पेटतो. उन्हाच्या खिडकीत भिंग ठेवून जाऊ नका, आणि भिंगातून सूर्याकडे तर कधीच पाहू नका.

मुलीला नाभीय अंतर नीट मोजायचं असेल तर अक्षर आणि पडदा 90 सेंमीवर पक्के करा आणि फक्त भिंग सरकवा. स्पष्ट प्रतिमा दोन ठिकाणी मिळेल: अक्षरापासून 30 सेंमीवर दुप्पट मोठी, 60 सेंमीवर निम्मी. दोन जागांमधलं अंतर 30. मग (90² − 30²) ÷ (4 × 90) = 20. यात भिंगाचा मध्य नेमका कुठे हे ठरवावं लागत नाही, फक्त ते किती सरकलं एवढंच मोजायचं. जाड भिंगाच्या बाबतीत मोजपट्टीची सगळ्यात मोठी चूक मध्य ठरवण्यातच होते. दोन्ही जागांची वाचनं प्रत्येकी तीनदा घ्या, आणि उत्तर 19 ते 21 च्या बाहेर गेलं तर पहिल्यांदा पडदा अक्षाला काटकोनात आहे का ते पाहा.