गुजरातीमार्गे इंग्रजी

दर फेब्रुवारीत माझा एक फोटो फिरतो. सत्तावीस तारीख जवळ आली की कोरेगावच्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी तो टाकतं. पांढरा कोट, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र आणि खाली ओळ, ‘मराठी माध्यमातून थेट अमेरिकेत!’ मग टाळ्या, गुलाबाची फुलं, अभिमान वगैरे. जूनमध्ये शाळाप्रवेशाचे दिवस आले की माझा धाकटा चुलतभाऊ माझंच उदाहरण उलट्या बाजूने देतो. “आमच्या ताईला विचारा तिकडं काय भोगावं लागलं. वर्ष-वर्ष तोंड उघडत नव्हती. माझ्या पोरीचं तसं नको.” त्याची पोरगी नर्सरीपासून इंग्रजी माध्यमात आहे.

फोटो खरा आहे आणि तोंड न उघडल्याचं वर्षही खरं आहे. पण या दोन्ही गोष्टींचं खातं मराठी माध्यमावर टाकलं जातं, एकदा जमेला आणि एकदा नावे, आणि तिथे हिशेब चुकतो.

अमेरिकेतल्या आत्याने १९९६ साली बाबांसाठी तिकडे कायमचं राहायला येण्याचा अर्ज भरला. भावंडांच्या कोट्यातला नंबर, तो लागायला बारा वर्षं लागली. अर्ज भरला तेव्हा मी तीन वर्षांची होते, विमानात बसलो तेव्हा दहावीचा निकाल बॅगेत होता. धाकटा भाऊ तर अर्जानंतर जन्मलेला, आठ वर्षांचा. २००८च्या ऑगस्टमध्ये आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला उतरलो. इंग्रजीत मला शंभरपैकी एकाहत्तर होते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. सरकारने २००० सालापासून ते पहिलीपासून केलं, पण ते आमच्या दोन वर्षं मागच्या पोरांना. ‘दोन वर्षांनी हुकलं’ असं बाबा पुढे बरीच वर्षं म्हणायचे.

त्या एकाहत्तर मार्कांत काय येत होतं? वाक्यातला ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहिता येत होतं. ‘नो सूनर डिड’ने सुरू केलेल्या वाक्यात ‘दॅन’ कुठे टाकायचा हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पहिल्या दिवशी तिसऱ्या तासाला लघवीला लागली. मनात चारदा घोकून मी उभी राहिले आणि “मे आय गो टु द टॉयलेट” असं म्हटलं. सर हसून म्हणाले, “टेक द पास.” पास म्हणजे उत्तीर्ण. पास म्हणजे एसटीचा पास. दाराशेजारी खिळ्याला एक लाकडी फळी टांगलेली होती, ती हातात घेऊन जायचं असतं, हे मला कुठून कळणार? परवानगी नाकारली असं समजून मी खाली बसले, ती घरी जाईपर्यंत.

न्यू जर्सीत १९७०च्या दशकापासून एक कायदा आहे. शाळांच्या एखाद्या प्रशासनाकडे एकाच भाषेची, इंग्रजी न येणारी वीस किंवा अधिक मुलं असली की त्यांच्यासाठी द्विभाषिक वर्ग चालवावा लागतो. दहा किंवा अधिक असतील तर इंग्रजी शिकवणारे वेगळे तास. मराठीचा आकडा वीस कशाला होतोय! आमच्या शाळेत आम्ही तिघं होतो, त्यांतल्या दोघांना इंग्रजी येत होतं. गुजराती मात्र भरपूर. समुपदेशक बाईंनी कागदावर ‘इंडिया’ वाचलं आणि मला विज्ञानासाठी गुजराती वर्गात बसवलं.

चूक लक्षात यायला दोन आठवडे लागले. तोवर मला तिथून हलायचं नव्हतं. त्या वर्गातल्या मदतनीस बेन फळ्यावरचं इंग्रजी समजावून सांगताना ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणाल्या आणि मी दचकले. अमेरिकेतल्या वर्गात मला कळलेला तो पहिला शब्द. शेजारची मुलगी गणिताच्या तासाला हळूच ‘काटकोण त्रिकोण’ म्हणाली, मग ‘कर्ण’. सर ज्याला हाय-पॉट-काहीतरी म्हणत होते तो आपला कर्ण! त्याचा वर्ग दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो हे मला सातारा जिल्ह्यातच कळलेलं होतं. दिवाळीपर्यंत मला बऱ्यापैकी गुजराती समजायला लागलं. अमेरिकेत जाऊन मी पहिली कुठली भाषा शिकले असेन तर ती गुजराती, हे घरी सांगायची कितीतरी दिवस लाज वाटायची.

इंग्रजी शिकवलं ते दुसऱ्या एका बाईंनी. रोज दोन तास. नवीन आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणं एवढंच त्यांचं काम, त्याचंच प्रशिक्षण. स्वतः लहानपणी पोर्तो रिकोतून आलेल्या. नाताळापर्यंत त्यांनी मला एकदाही उभं करून बोलायला लावलं नाही. ऐकत होते, लिहीत होते, तेवढं त्यांना पुरत होतं. विज्ञानाचा उतारा आधी मराठीत लिही म्हणायच्या, मग इंग्रजीत. मराठीचं अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. त्या ओळी मोजायच्या. पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवर ठेवून, ओठ हलवत. “इकडे अकरा, इकडे दोन. उरलेल्या नऊ कुठे गेल्या?” मग त्या नऊ ओळींच्या मागे आम्ही लागायचो. चित्र काढून, हातवारे करून, शब्दकोशातून, कधी त्या गुजराती मुलीला मध्ये घालून. जानेवारीत दोनाच्या चार झाल्या. मार्चमध्ये सात.

त्या अकरा ओळी लिहायला मला कोरेगावात कुणीतरी शिकवलं होतं, म्हणून बाईंना मोजायला काहीतरी होतं. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांचं एवढं मला मान्य आहे. पण अकरा ओळी लिहिता येत होत्या म्हणून इंग्रजी आपोआप आलं, हे मान्य नाही. त्या बाई नसत्या तर त्या ओळी वहीतच राहिल्या असत्या.

पुढे कॉलेजात जिम कमिन्स हे नाव कळलं. टोरोंटोचे अभ्यासक. परक्या भाषेतल्या गप्पा आणि परक्या भाषेतला अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी १९७९मध्ये मांडलं. गप्पा वर्ष-दोन वर्षांत जमतात. अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या बाकीच्यांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. वाचताना हायसं वाटलं आणि रागही आला. कारण दोन वर्षांनी मी कॅन्टीनमध्ये फडाफडा बोलत होते, त्यामुळे आता हिला इंग्रजी येतं असं सगळ्यांनी धरलं. जीवशास्त्राच्या पुस्तकाच्या समासात मी पेन्सिलीने मराठी लिहीत होते ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. आजही रक्तपेशी मोजताना मनात आकडे मराठीतच येतात. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ.

धाकट्या भावाची गोष्ट वेगळी. तो वर्षभरात अमेरिकन उच्चारात बोलायला लागला आणि नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. लहान मुलं भाषा पटकन उचलतात! उचलतात, आणि तितक्याच पटकन खाली ठेवतात, हे कुणी सांगत नाही. आजी व्हिडिओ कॉलवर त्याला विचारते, “जेवलास का रे?” तो मान हलवतो. पुढचं काही विचारलं की माझ्याकडे बघतो.

कॅथरीन स्नो आणि मारियान हूफ्नागेल-होले या दोघींनी १९७८मध्ये हॉलंडमध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. डच शिकण्यात पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वर्षांचे आणि मोठी माणसं. तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यात मागे. उच्चाराची गोष्ट निराळी, पण वाचणं-लिहिणं-समजणं यासाठी पंधरावं वर्ष काही उशिराचं नव्हे. ‘दोन वर्षांनी हुकलं’ म्हणणाऱ्या बाबांना हे मी खूप उशिरा सांगितलं. ते म्हणाले, “मग तेव्हा का नाही सांगितलंस?” तेव्हा मला काय कळत होतं, बाबा!

म्हणून २०२५मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये त्याची दुरुस्ती निघाली आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले गेले, तेव्हा इथे बसून तो सगळा गदारोळ वाचताना मला एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं. कुठली भाषा, कितवीपासून, कुणाच्या सांगण्यावरून, यावर लोक तुटून पडले होते. ‘लहान वयात सोपं जातं’ हे एक बाजू छातीठोकपणे सांगत होती, ‘कोवळ्या मेंदूवर ओझं’ हे दुसरी. माझंही मत निर्णयाच्या विरोधातच होतं. पण शिकवणार कोण, त्याला भाषा शिकवण्याचं कसलं शिक्षण दिलंय, रोज किती वेळ मिळणार, हे विचारणारे फार थोडे. चुलतभावाच्या मुलीच्या इंग्रजी शाळेत तरी काय आहे? परिसर अभ्यासाचं पुस्तक इंग्रजीत, बाई समजावतात मराठीत, उत्तरं पाठ करायची इंग्रजीत. तिच्याकडे मराठीतल्या अकरा ओळी नाहीत आणि इंग्रजीतल्याही नाहीत. हे त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “ताई, तू तिकडं बसून बोलणार.” बरोबर आहे त्याचं. मुलीला कुठे घालायचं हे त्याला जूनमध्ये ठरवायचं असतं, मला नसतं.

आणि अमेरिकेचे गोडवे गायलाही मी बसलेली नाही. सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १८०० चिनी मुलांना नुसतं वर्गात बसवून ठेवलं होतं, तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक होत नाही, असं न्यायालयाने १९७४मध्ये सांगितलं. म्हणजे मला ज्या बाई मिळाल्या त्या देशाच्या चांगुलपणामुळे कमी आणि कुणाच्या तरी आईबापांनी कोर्टात भांडल्यामुळे जास्त. २०२५च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी इथली अधिकृत भाषा झाली. आईला एका दुकानाच्या रांगेत “स्पीक इंग्लिश” असं ओरडलेला माणूस त्याआधीही होता, आताही आहे. आई शिकली ती सार्वजनिक वाचनालयातल्या संध्याकाळच्या फुकट वर्गात, गोदामातली पाळी संपवून. ओरडणारा कधी शिकवायला आला नाही.

गेल्या डिसेंबरात कोरेगावला गेले होते. माझी वर्गमैत्रीण जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पाच वर्ग, दोन शिक्षक. मागच्या भिंतीला टेकून एक पोरगा बसला होता, विजापूरकडचा, आईबाप रस्त्याच्या कामावर. “पाच महिने झाले, तोंडातून शब्द नाही,” मैत्रीण म्हणाली. “कळतं की नाही तेच कळत नाही बघ. आणि मला कुठं कानडी येतंय?” तिला मी दोष देणार नाही. एका वेळी तीन इयत्ता सांभाळत होती, वर कुठलीतरी ऑनलाइन माहिती भरायची होती.

फळ्यावर त्रिकोण काढलेला होता. मी त्या पोराजवळ जाऊन बसले, फळ्याकडे बोट केलं आणि काही बोलले नाही. बराच वेळ गेला. मग तो जमिनीकडे बघत पुटपुटला, “त्रिभुज.”

मैत्रिणीने वळून बघितलं. “काय म्हणाला?”

“त्रिभुज. समभुज, समद्विभुज, त्यातला भुज.”

“अगं बाई,” ती म्हणाली आणि खडू हातातच राहिला.

महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे, हे मलाही वाटतं. त्या पोराला ती यायला हवी, त्याच्याच भल्यासाठी. पण त्याच्या वेळापत्रकात मराठी शिकण्याचा तास नाही, मराठीतून शिकण्याचे सगळे आहेत. मेळघाटातल्या कोरकू पोरांची गत हीच, आणि ती तर बाहेरून आलेलीही नाहीत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय. कोरेगावजवळ कानडी शक्य नाही, समजू शकते. मग निदान आधी दोन तास मराठी शिकवणारी एक बाई?

यंदा शाळेने फोटोऐवजी व्हिडिओ मागितला. मराठी भाषा गौरव दिनाला मुलांना दाखवायचा, विषय ‘मराठी माध्यम आणि माझे यश’. मी सात मिनिटांचा करून पाठवला. फळीचा पास, बेन, कर्ण, नऊ ओळी आणि शेवटी तो विजापूरचा पोरगा. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांचा निरोप आला. “ताई, फार सुंदर झाला आहे. फक्त वेळ कमी आहे, तीन मिनिटांत बसवता येईल का? गुजरातीचा भाग काढला तरी चालेल. आणि शेवटचाही.”

मी कापायला बसले होते. ते दोन्ही भाग काढल्यावर जे उरलं त्यात मी ‘नो सूनर डिड’चं वाक्य म्हणून दाखवते आहे. बरोबर तीन मिनिटं झाली. अजून पाठवलेला नाही.