वाळवंटात झाडं लावू नका

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरावर दोन खोल्या चढवायला घेतल्या आणि दारात रेतीचा ढीग पडला. कुठली विचारलं तर ठेकेदार हसला. "चंबल की है भाई साहब, एकदम साफ." बिल अर्थातच कच्चं. संध्याकाळी लेक त्या ढिगात खेळत होती, तिच्या मुठीत शिंपल्याचे तुकडे. मला एकदम शरमल्यासारखं झालं. चंबळ अभयारण्यातून रेती काढायला बंदी आहे, आणि तीच रेती माझ्या उंबऱ्याशी येऊन पडली होती.

त्याच आठवड्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला: चंबळकाठी वृक्षारोपण, माणशी पाचशे रुपये. मी नाही म्हटलं. दोघांनी 'कंजूष' म्हणून घेतलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

पंढरपूरला गेलेल्यांना वाळवंट म्हणजे काय ते सांगायला नको. घडियालला, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या मगरीला, तसंच वाळवंट लागतं: उघडं, कोरडं, उन्हात तापलेलं. मार्च-एप्रिलमध्ये मादी वाळूत खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते. आत नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. लाल डोक्याचं साल कासवही याच वाळूत अंडी घालतं. तिथे झाडं लावली की सावली पडते, मुळं वाळू बांधून टाकतात. म्हणजे पुण्य करायला जायचं आणि बाळंतिणीची खोली मोडून यायची.

१९७०च्या दशकात देशात घडियाल दोनशेही उरले नव्हते. १९७५ला मगर प्रकल्प आला, मग चंबळचं अभयारण्य झालं. मुरैनाजवळ देवरीला अंडी आणून पिल्लं सव्वा मीटरची होईपर्यंत वाढवतात नि नदीत सोडतात. आज जगातले बहुतेक घडियाल चंबळमध्येच आहेत. पण सोडलेल्या मादीला पुढे अंडी घालायला वाळू कुठे ठेवलीय आपण?

घडियालसाठी पैसा नाही असं कुणी म्हणेल, पण ते मला पटत नाही. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला दिली की भरपाईची रक्कम 'कॅम्पा' नावाच्या सरकारी वनीकरण निधीत जमा होते. २०१६च्या कायद्याने त्यातला ९० टक्के वाटा राज्यांचा. वन्यजीवांच्या अधिवासावर खर्च करायची मुभाही नियमांत आहे. पण आपल्याकडे हिरवं दिसलं तरच काम झालं असं वाटतं. मोकळ्या वाळूसमोर फोटो काढून कोण घेणार?

माझ्या मते तो पैसा काठच्या गावांना द्यावा. नदीपात्रात काकडी-टरबुजाच्या वाड्या असतात, पंप चालतात, आणि हंगाम नेमका घरट्यांचाच. वाडी करणाऱ्या माणसाला नुसतं हुसकावलं तर तो उद्या रेतीच्या ट्रॅक्टरवर बसेल. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पट्टा मोकळा ठेवायचे पैसे रोख द्या, त्याच्याच पोराला घरटी राखायला पगारावर ठेवा. अंडी खायला कोल्हा कुठून येतो हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. हे दरसाल करावं लागेल. एकदा कुंपण घालून उद्घाटन केलं नि संपलं, असं नाही.

आणि हो, ग्वाल्हेरला चंबळचं पाणी आणायचं काम चालू आहेच. उद्या नळाला तेच पाणी येईल, तेव्हा पाणीपट्टीत या कामासाठी चार रुपये जास्त घेतले तर मी कुरकुरणार नाही. (बायको कुरकुरेल.)

उरलेल्या कामाला मी क्रशरची दगडी रेती मागवली. ठेकेदार म्हणाला, "प्लास्टर चिकना नहीं आएगा."

नाहीच आलं. मागच्या खोलीची भिंत हाताला खरखरीत लागते.