सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

शिक्षण परिषदेत चहा यायच्या बेताला जो विषय निघतो, तो किटलीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्याच्या गळ्यात पडतो. मला ‘माध्यम साक्षरता’ मिळाली. जिल्हा परिषदेचा मास्तर म्हणून मी आजवर खिचडीतली डाळ मोजली आहे, मतदार याद्या घेऊन उंबरे झिजवले आहेत, गावातले संडाससुद्धा मोजले आहेत. त्यामुळे ‘मोबाईलवर येतं ते खरं की खोटं हे पोरांना ओळखता यावं, शनिवारी एक तास घ्या’ हे काम मला हलकं वाटलं. केरळात कन्नूर जिल्ह्यात २०१८ साली १५० सरकारी शाळांत असे तास झाले, हे वाचलंही होतं. तिथं जमलं, तर माण तालुक्यात का जमू नये?

आठवीच्या फळ्यावर विषय लिहिला आणि विचारलं, “माध्यम म्हणजे काय?”

“मराठी आणि इंग्रजी, सर.”

चूक म्हणायची सोय नव्हती. आमच्या गावात माध्यम म्हणजे सकाळी येणारी पिवळी बस. ती दर जूनला आमची दोन-चार पोरं उचलते, आणि पट राखायला आम्ही मास्तर मे महिन्याच्या उन्हात दारोदार फिरतो.

वर्गात एकोणतीस मुलं. स्वतःचा फोन एकाकडेही नाही; फोन वडलांचा, पासवर्ड पोरांचा. मी तयारी करून गेलो होतो. म्हटलं, व्हॉट्सअॅपच्या मेसेजवर दोन बाण दिसले, की समजायचं हा पाच हातांतून फिरून आलाय. तसला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं ढकलता येतो. एप्रिल २०२० मध्ये कंपनीनंच तशी वेसण घातली.

शेवटच्या बाकावरून ओंकारचा हात वर. “सर, कॉपी करून पेस्ट केलं की बाण जात्यात. मग कितीबी पाठवा.” आणि माझा चेहरा बघून, धीर द्यायला म्हणून, “आमच्या अण्णांना मीच शिकवलंय.”

पुढच्या शनिवारी मी ‘नासाने टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत’ नेला. हा फोटो दरवर्षी उटण्याच्या आधी घराघरात पोचतो. मुलांना सांगितलं, हा एका रात्रीचा फोटोच नव्हे. अमेरिकेच्या उपग्रहांनी वर्षानुवर्षं टिपलेले दिवे एकावर एक ठेवून केलेला नकाशा आहे. पांढरे ठिपके जुन्या दिव्यांचे. निळे १९९२ मध्ये, हिरवे १९९८ मध्ये आणि लाल २००३ मध्ये नव्यानं दिसू लागलेले. दिवाळीची यात एक लवंगीसुद्धा नाही.

मला वाटलं, आता टाळ्या. समृद्धी मात्र फोनला नाक लावून काहीतरी शोधत होती. तिनं दोन बोटांनी फोटो ताणला, सातारा जिल्हा रांगोळी फिसकटल्यासारखा झाला, तरी सोडेना.

“सर, आपलं गाव कुठाय?”

“दिसत नाही एवढ्यात.”

“म्हंजे २००३ ला आपल्यात लाईट नव्हती?”

“होती. भारनियमन होतं.”

हे मी कशाच्या आधारावर ठोकून दिलं, ते मला आजही सांगता येणार नाही. सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. समृद्धीनं डोलावली नाही. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

एक तास हसण्यावारी न्यायचा नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, या मोबाईलवरच्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना गर्दीनं ठेचून मारलं. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मी फळ्यावर फक्त तारीख लिहिली होती. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग कुणीतरी हळूच म्हणालं, “आमच्या दारात पण येत्यात डवरी. आजी पीठ घालती त्यांना.” पुढं पाच-सात मिनिटं मी काही शिकवलं नाही. त्या दिवशी एवढाच गृहपाठ दिला: आठवडाभर जे जे ऐकाल, त्याला विचारा, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

गृहपाठ आजवर इतक्या इमानानं कुणी केला नव्हता.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एरवी गळक्या छताशिवाय विषय नसतो. यावेळी पालक ठरलेल्या वेळेआधी हजर. एकाच्या म्हाताऱ्या आईनं वरच्या आळीतल्या सुनेची हकिगत सांगायला घेतली, तर नात म्हणाली, “आजी, तू डोळ्यांनी बघितलंस का?” तेव्हापासून आजीचं प्रसारण बंद, आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही. दुसऱ्याच्या पोरानं पाहुण्यांना विचारलं, ‘पोरगा पुण्यात साहेब आहे, याचा फोटो कधीचा?’ ठरत आलेलं लग्न पंधरा दिवस लांबलं. मी म्हटलं, “अहो, प्रश्न विचारणं चांगलंच की.”

“बाहेर चांगलं हो, सर. घरात कशाला?”

इथं माझी बोलतीच बंद झाली. आपल्याकडं थोरल्या माणसाला ‘कशावरून?’ विचारणं म्हणजे भर पंगतीत यजमानाला आमटी अळणी म्हणून सांगणं. पोरांना खोटा फोटो ओळखायला तासाभरात शिकवता येतं. तो फोटो थोरल्या चुलत्यानं पाठवला असेल तर काय करायचं, हे माझ्याही डी.एड.ला नव्हतं.

मग आला पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं, पोरं उन्हात रांगेत, गावातले एक मान्यवर बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला म्हणाले, “आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनं जगात पहिला नंबर दिलाय!” युनेस्को असला नंबर कुणालाच देत नाही. हे त्या मैदानावर एकोणतीस जणांना ठाऊक होतं, कारण जुलैतला एक शनिवार मी त्यावरच घालवला होता. समृद्धीचा हात वर गेला. मी लांबून डोळे वटारले, खाली कर म्हणून खुणा केल्या. मान्यवर दिलदार निघाले.

“विचार, बाळ.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

मैदानात चिडीचूप. मुख्याध्यापक झेंड्याच्या दोरीची गाठ तपासायला लागले. मान्यवरांनी क्षणभर आठवलं, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

“तुमच्या सरांनीच की! २०१६ च्या पंधरा ऑगस्टला, हितंच.”

खरं होतं. माईकसुद्धा हाच होता.

सोमवारी वर्गात शिरलो तर फळा पुसून तयार. “सर, अजून काय काय सांगितलंय तुम्ही?” आता लपवून उपयोग नव्हता. सांगून टाकलं: २१ सप्टेंबर १९९५, सगळ्या देशात गणपती दूध प्यायला लागले. तेव्हा मोबाईल नव्हते, पण एसटीडी बूथ होते. आत्याचा पुण्याहून फोन आला आणि अर्ध्या तासात आख्खी गल्ली वाटी-चमचा घेऊन देवळात. मी सातवीत. दोन तास रांगेत उभा होतो. चमच्याची कड सोंडेला टेकवली, दूध सरकन कमी झालं. पृष्ठताणामुळं दूध कडेवरून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ होऊन ओघळतं, हे पुढं कळलं. सोंडेखाली पाय ओले होत होते, ते मात्र तेव्हाही कळत होतं.

“मग सांगितलं न्हाय कुणाला?”

“मागं आई उभी होती.”

यावर कुणी हसलं नाही. ओंकारनं तर समजून उमजून मान हलवली.

त्याच रात्री साडेदहाला आईचा फोन. “आज साडेबारा ते साडेतीन फार घातक किरणं येणारेत. फोन बंद करून लांबच्या खोलीत ठेव.” हा मेसेज मी जूनमध्ये दोनदा वर्गात वाचून दाखवला होता. छाती भरून श्वास घेतला.

“आई, हे तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या थोरल्या काकांनी.”

“आणि त्यांना?”

पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आई म्हणाली, “तू आता काकांना विचारणार?”

मी फोन बंद करून स्वयंपाकघरात, पोह्याच्या डब्यावर ठेवला. गजर त्याच फोनमध्ये होता.

शाळेत पोचलो तेव्हा परिपाठ संपून पोरं वर्गात बसली होती. ओंकार दारातच.

“सर, उशीर?”

“गाडी पंक्चर झाली रे फाट्यावर.”

त्यानं एकदा माझ्या गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“फाट्यावरचं पंक्चरचं दुकान माझ्या मामाचंय, सर. लावू का फोन?”