‘सॉफ्ट’ माउंट मी का सुचवत नाही

नमस्कार. माझ्या लेखात मी लिनक्सवर एनएफएस (दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत) फोल्डर ‘हार्ड’ पर्यायाने जोडायला, म्हणजे माउंट करायला, सांगितला होता. तुम्ही तसं केलंत, वीज गेल्यावर नॅस (फाइली साठवणारा घरचा सर्व्हर) बंद पडला आणि लॅपटॉपही अडकून बसला, फाइलींची यादी दाखवणारं साधं ‘एलएस’ही चालेना. ‘सॉफ्ट’ लिहिलं असतं तर हे झालं नसतं, नवख्यांना असलं काही सांगू नये, असं तुमचं म्हणणं आहे. त्रास खराच आहे. उपाय मात्र मला पटत नाही.

हार्डमध्ये सर्व्हर गप्प झाला की कर्नल (लिनक्सचा गाभा) तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि प्रोग्रॅम तोवर थांबतो. सर्व्हर परत आला की लिहिणं जिथे तुटलं तिथून पुढे चालू होतं. सॉफ्टमध्ये ठरावीक प्रयत्नांनंतर कर्नल हात टेकतो आणि त्रुटी कळवतो. पण लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठलेला असतो, त्यामुळे ही त्रुटी उशिरा येते, आणि कितीतरी प्रोग्रॅम ती तपासतच नाहीत. फाइल ‘सेव्ह’ झाली असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात ती अर्धवट असते. अशा वेळी डेटा नकळत बिघडू शकतो, हा इशारा एनएफएसच्या मॅन पेजवरच (लिनक्ससोबत येणाऱ्या माहितीपानावर) दिलेला आहे. अडकलेला लॅपटॉप निदान दिसतो तरी. बिघडलेला फोटो कदाचित वर्षाने उघडाल तेव्हा कळेल. फोल्डर फक्त वाचण्यापुरता जोडला असेल तर खुशाल सॉफ्ट वापरा.

तुमच्या अडचणीवर खरा इलाज ऑटोमाउंट. एफएसटॅबमध्ये (काय कुठे जोडायचं याची यादी असलेल्या फाइलीत) ‘हार्ड’ तसंच ठेवून ‘नोफेल’ (जोडता आलं नाही तरी लॅपटॉप सुरू होणं अडत नाही), ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ आणि ‘एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६००’ जोडा. मग फोल्डरला हात लावाल तेव्हाच तो जोडला जाईल आणि दहा मिनिटं वापरला नाही की आपोआप सुटेल. ‘एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=१५’ही घाला, म्हणजे नॅस बंद असताना चुकून क्लिक केलंत तरी फार वाट पाहावी लागणार नाही. आणि फोल्डर होममध्ये (तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) न जोडता ‘एमएनटी’ या वेगळ्या फोल्डरखाली जोडा, कारण फाइल मॅनेजर होममधल्या प्रत्येक गोष्टीची विचारपूस करतो आणि तिथेच अडकतो.

एनएफएसऐवजी एसएसएचएफएस (एसएसएच या एन्क्रिप्टेड जोडणीवरून फोल्डर जोडण्याची पद्धत) वापरता येतं, हे तुमचं बरोबर आहे, पण ते घराबाहेरच्या नेटवर्कसाठी. साधं एनएफएस काहीच एन्क्रिप्ट करत नाही, तिथे एसएसएचच हवं. सोबत ‘रीकनेक्ट’ आणि ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=१५’ हे पर्याय विसरू नका. घरच्या नेटवर्कवर हजारो छोट्या फाइली असतील तर एसएसएचएफएस रेंगाळतं.

एवढं करूनही अडकलं तर एफएसटॅबमधली ती ओळ इथे टाका, सर्व्हरचा पत्ता झाकून.