बिबट्या, ऊस आणि मामांची एके-४७

गेल्या आठवड्यात निफाडच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत एके-४७ दुकानात मिळते, स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी मशीनगन आहे, आपल्याकडचा शस्त्रकायदा इंग्रजांचा आणि गांधीजींनीही त्याला काळा म्हटलं होतं; तेव्हा बिबट्या दारात आलेला असताना सरकारने शेतकऱ्याला लष्करी रायफल द्यावी. दोन दिवसांत हाच मेसेज मला सिन्नरहून आला, मग दिंडोरीहून. मामांशी फोनवर बोलून झालंय. बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

आधी अमेरिका. घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी नवी ऑटोमॅटिक बंदूक, म्हणजे खरी एके-४७, तिथल्या सामान्य माणसाला १९८६ पासून विकत घेता येत नाही. त्याआधी नोंदलेल्या जुन्या बंदुका सरकारी नोंदणीनेच हात बदलतात आणि त्यांच्या किमती डोळे पांढरे करतात. दुकानात मिळते ती एआर-१५ सारखी सेमी-ऑटोमॅटिक, एका दाबाला एक गोळी. (यातला एआर म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे, आर्मालाइट या कंपनीचं नाव आहे.) तिच्यावरूनही तिथे भांडण मिटलेलं नाही. १९९४ ते २००४ अशा अनेक रायफलींवर देशभर बंदी होती, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये आजही आहे.

स्वित्झर्लंडचं एका दमात सांगते. तिथे पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची, म्हणून सेवेत असेपर्यंत रायफल घरी असते. पण घरी ठेवायच्या गोळ्या परत घ्यायचं २००७ मध्येच ठरलं. सेवा संपल्यावर रायफल हवी असेल तर परवाना काढावा लागतो आणि तिची ऑटोमॅटिकची सोय काढून मगच ती हातात देतात. ‘घरोघरी मशीनगन’ ती हीच.

इंग्रजांचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, तो मान्य करायलाच हवा. १८७८ चा कायदा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातला. भारतीय माणसाला परवान्याची अट आणि गोऱ्याला सूट, असा उघड अपमान होता तो. गांधीजी त्यावर कडक बोलले हेही खरं. पण कुठे बोलले? १९१८ मध्ये, खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्याच फौजेसाठी भरती करताना काढलेल्या पत्रकात. शिवाय तो कायदा आता नाही. आजचा १९५९ चा, आपल्या संसदेने केलेला. २०१९ मध्ये एका माणसाला ठेवता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, तीही आपल्याच संसदेने.

आता बिबट्या. मेसेज वाचून वाटतं की शेतकऱ्याला कायद्याने निःशस्त्र ठेवलंय. प्रत्यक्षात याच कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि स्वसंरक्षणासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची छऱ्याची बंदूक, यांचा वेगळा उल्लेख आहे. परवाना मिळवताना चपला झिजतात, त्याबद्दल भांडा, मीही येते. ऑटोमॅटिक शस्त्र विनापरवाना सापडलं तर सात ते चौदा वर्षं तुरुंगवास आहे. ७.६२ किंवा .३०३ ची लष्करी गोळी घेणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल देणं तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांच्या हातातच नाही, ते केंद्राकडे जातं.

आणि ते बरंच आहे. मामांकडे आजोबांच्या वेळची बारा बोर आहे. निवडणूक लागली की जुन्या धोतरात गुंडाळून ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि पावती देवघरातल्या डब्यात जाते. काडतुसांच्या पितळी बुडांना हिरवट डाग पडलेत. शेवटचा बार कधी काढला विचारलं, तर मामी आतून म्हणाल्या, “दसऱ्याला हळदकुंकू लावतो, तेवढंच.” या बंदुकीचे छरे पन्नासेक मीटरवर दम सोडतात. रायफलची गोळी किलोमीटरभर गेली तरी माणूस मारते. मामांच्या उसापलीकडे द्राक्षबाग आहे आणि बागेच्या कडेला मजुरांची झोपडी. देवळालीला तोफखान्याचा सराव असला की आसपासच्या गावांना आधी सूचना जाते; रात्री दोनला घाबरून घोडा दाबणारा माणूस कुणाला सूचना देणार?

बिबट्या समोर उभा राहून वाटही पाहत नाही. उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही, तो मागून येतो आणि बॅटरी उजव्या हातात असते. जीव वाचवताना तो मेला तर वन्यजीव कायदा त्याला गुन्हा धरत नाही. नरभक्षक ठरला तर मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देतात. म्हणजे अडचण बंदुकीच्या नियमात नाहीच.

मुळात माणूस रात्री उसात का जातो? दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला. फोन ठेवताना मामांना विचारलं, या आठवड्यात पंपाला लागणारी थ्री-फेज लाइट कधी आहे? म्हणाले, “रात्री साडेबाराला येते, सकाळी साडेआठला जाते.” मग तो मेसेज त्यांनी काढून टाकला आणि दिवसा लाइट मागणाऱ्या अर्जावर गावातून किती सह्या झाल्या, त्याचा फोटो टाकला. एकसष्ट होत्या. मामींची बासष्टावी राहिली होती, ती संध्याकाळी झाली.